नेसणाऱ्याचा धर्म

आपल्या संतकथांमध्ये वस्तू घडवणाऱ्याला फार मोठा मान आहे. गोरोबा चिखल तुडवतात, सावतोबा मळ्यात राबतात, आणि तेच त्यांचं भजन ठरतं. कबीर मागावर बसतात. गदिमांनी लिहिलेल्या आणि माणिक वर्मांनी गायलेल्या गीतात तर प्रत्यक्ष रामच येऊन त्यांचं विणकाम करतो. पण गोरोबांच्या मडक्यातलं पाणी कोण प्यायलं, कबीरांनी विणलेलं कापड कुणी पांघरलं, याबद्दल या कथा गप्प आहेत. करणाऱ्याचं काम देवापर्यंत पोचतं हे मी लहानपणापासून ऐकत आले. वापरणाऱ्याने काय करायचं? दाम मोजले की त्याचं कर्तव्य संपलं का?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो ऑफिसला नेसायच्या साडीमुळे. मी मिरजेची. लग्नानंतर बेंगळुरूला आले. विजयनगरला राहते आणि जांभळ्या मेट्रोने इंदिरानगरला उतरून कामाला जाते, काम हिशेबाचं. इतकी वर्षं कुर्ते घालून गेले. कार्याच्या साड्या कपाटात मलमलीत गुंडाळलेल्या, आणि रोज नेसता येईल अशी हातमागाची एकही नाही. यंदा ठरवलं की साडी नेसायची, रोज नेसायची, आणि ती हातानेच विणलेली असायला हवी. आईला फोनवर सांगितलं तर ती चमकली. "रोज? अगं, मागावरची साडी ती. रोज नेसून वाट लावशील तिची. रोजला सिंथेटिक बरी, धुतली की वाळली."

आईच्या बोलण्यात काटकसर होती, पण नुसती काटकसर नव्हती. चांगली वस्तू रोजच्या राबत्यात आणली की तिचा मान जातो, अशी तिची मनापासून समजूत आहे, आणि ती समजूत आमच्या घरात फार जुनी आहे. माझ्या आजीचं सोवळं कडक होतं. देवघरात आणि चुलीपाशी ती सोवळ्याचं रेशमी लुगडं नेसे. ते रोज धुवायची गरज नव्हती, कारण रेशीम विटाळत नाही असं शास्त्र. सोवळ्यात सुती नेसायचं तर ते रोज धुवायचं, आणि कुणाचा हात लागू नये म्हणून काठीने उंच वलणीवर टाकायचं. स्वयंपाक आटोपला की आजी सोवळं सोडून इरकली लुगडं नेसे, अंगात गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. त्या इरकलीतच ती बाजारात जाई, धान्य पाखडी, आम्हाला मांडीवर घेई. म्हणजे घरात कापडाच्या दोन जाती होत्या. एक देवाजवळ जायची, दुसरी माणसांत वावरायची, आणि मान पहिलीला होता.

सोवळ्याबद्दल बोलायचं तर सगळंच बोलायला हवं. आजी सोवळ्यात असताना तेच लुगडं विणणारा विणकर दारात आला असता आणि त्याचा हात तिला लागला असता, तर आजीला पुन्हा आंघोळ करावी लागली असती. ज्या हातांनी ते वस्त्र घडलं त्याच हातांपासून ते जपायचं, ही रीत आमच्या घरात भक्तीच्या नावाने पाळली गेली. आजी मायाळू होती. त्या रीतीत माया नव्हती.

इंदिरानगर हे साड्यांच्या बाबतीत श्रीमंत उपनगर. शंभर फुटी रस्त्यावर काचेआड कांजीवरम झगमगत असतात आणि सीएमएच रोडवर ओळीने सराफांची दुकानं. उपनगराला नाव इंदिरा गांधींचं. १९४२ साली त्या लग्नात नेसल्या ती साडी नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. अशी साडी जपायलाच हवी, तिच्यात एका बापाच्या कोठडीतल्या दिवसांची कताई आहे. पण प्रत्येक हातमागाची साडी अशी आठवणीची पेटी असू शकत नाही. तशी ती असती तर देशातले माग कधीच थांबले असते.

मी गेले ते दुकान मुख्य रस्त्यावर नव्हतं. आतल्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर, गादी घातलेलं. दुकानदार कन्नडच बोलत होते. मी सांगितलं, "अण्णा, रोज ऑफिसला नेसायची. घरी धुवायची. भारी नको." त्यांनी मंगळगिरी काढली, चेट्टिनाड काढली, जिचे विणकर अगदी मोजके उरले होते ती हलकी उडुपी साडी काढली. मग एक गडद हिरवी इळकल पुढे टाकली, लाल पदराची, आणि माझा हात तिथेच राहिला. आजीच्या इरकलीचं हे आजचं भावंड. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावाची ही साडी मिरज-सांगलीच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या आपली म्हणून नेसली आहे.

मी साडी उलटी केली. हातमागाची साडी उलट्या बाजूनेच नीट वाचता येते. काठाला ओळीने बारीक भोकं होती. विणताना कापडाची रुंदी ताणून धरायला जी पट्टी लावतात तिच्या सुयांची. सुतात मध्येच कुठे एखादा धागा जाड होता. आणि जिथे अंगाचा सुती ताणा संपून पदराचा लाल ताणा सुरू होतो, तिथे बोटाला एक अगदी बारीक कंगोरा लागला. दुकानदारांनी साडी उजेडाकडे धरली. "कोंडी," ते म्हणाले. इळकलमध्ये पदराचा ताणा वेगळा असतो आणि अंगाचा वेगळा. एकाच्या धाग्यांचे फास दुसऱ्याच्या फासांत अडकवून दोन्ही जोडतात, आणि हे प्रत्येक साडीसाठी नव्याने करावं लागतं, कारण ताणाच मुळी एका साडीपुरता लावलेला असतो. साडी सहा वारी की नऊ वारी हे तेव्हाच ठरतं. उजेडात ते फास मला एकेक दिसत होते, साडीच्या पन्हाभर, या काठापासून त्या काठापर्यंत. पुढे लाल पदरात पांढऱ्या किल्ल्याच्या बुरुजांची ओळ आणि कंगव्याचे दाते. नेसल्यावर पदर खांद्यावरून मागे जातो, ही जोडणी कुणाला दिसत नाही. तरी तिच्यात एकही फास चुकलेला नव्हता.

"हा पदर खऱ्या रेशमाचा," दुकानदार म्हणाले, "आणि हा आर्ट सिल्कचा. किमतीत फरक आहे, मॅडम."

इथे मी अडले. बेंगळुरूहून म्हैसूरकडे निघालं की वाटेत रामनगर लागतं. तिथे रेशीमकोषांचा मोठा बाजार भरतो, पांढऱ्या-पिवळ्या कोषांच्या राशी. कोषातला धागा अखंड हवा असेल तर पतंग बाहेर पडायच्या आत त्याला वाफेने किंवा उष्णतेने मारावं लागतं. तो कोष फोडून बाहेर आला तर धागा तुटतो. आजीच्या देवघरातलं सगळ्यांत शुद्ध वस्त्र ते हे. कांदा-लसूण चालत नसे अशा ठिकाणी हजारो जिवांचं रेशीम चालत असे, आणि आम्हा कुणाला त्यात विसंगती दिसली नाही. शुद्धता कापड कुठून आलं यावर नव्हती, त्याला कोण शिवलं यावर होती. अहिंसेला परम धर्म म्हणणाऱ्या परंपरेला हा प्रश्न आपल्या सोवळ्याला विचारायला हवा होता असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून आर्ट सिल्क घ्यावं, तर तेही धुतल्या तांदळासारखं नाही. ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं, आणि त्याच्या कारखान्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायसल्फाइडने कामगारांच्या मज्जासंस्थेला अपाय होतो हे वैद्यकाला खूप आधीपासून ठाऊक आहे. राहिलं सूत. कापूस म्हटलं की विदर्भातल्या शेतकऱ्याचं कर्ज आणि फवारणीतली विषबाधा डोळ्यांपुढे येते. मी त्या गादीवर बसून एकही निर्दोष धागा शोधू शकले नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण म्हणतो की जसा अग्नीला धूर तसा प्रत्येक आरंभाला दोष असतोच, म्हणून आपलं सहज कर्म टाकू नये. मी हा श्लोक नेहमी काम करणाऱ्याच्या बाजूने वाचत आले होते. त्या दिवशी तो घेणाऱ्याच्या बाजूने वाचला. घेण्यालाही धूर आहे. एकदा तो आहे हे मान्य केलं की प्रश्न बदलतो: ज्या वस्तूसाठी एवढा धूर झाला, तिचं आपण पुढे काय करतो?

एक वाट अक्कमहादेवीची. तिने वस्त्रच टाकलं, केस पांघरले आणि श्रीशैलची वाट धरली. तिच्यापुढे मी हात जोडते, आणि हेही जाणते की ती वाट माझी नाही. माझ्या आवाक्यातली स्त्री त्याच बाराव्या शतकातली, बसवण्णांच्या त्याच शिवभक्त शरणांमधली आयदक्की लक्कम्मा. तिचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचा आणि त्यावर दोघं शरणांना जेवू घालायची. एक दिवस त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने त्याला विचारलं, ही हाव कुठून आली, आणि जादाचे तांदूळ परत ठेवायला पाठवलं. तिने जेवण सोडलं नाही, रांधणं सोडलं नाही, गरजेहून जास्तीला तेवढा नकार दिला. कपाट उघडताना मला आता ती आठवते. नेसायला होत नाहीत इतक्या साड्या मी जमवल्या, तर त्यांतली प्रत्येक साडी म्हणजे लक्कम्माने परत पाठवलेले तांदूळ.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो देवर दासिमय्या. बसवण्णांच्याही आधीचा, सध्याच्या यादगीर जिल्ह्यातल्या मुदनूरचा, जातीने आणि कामाने विणकर. सांगतात की तो रानात घोर तप करत होता; शिवाने दर्शन देऊन त्याला सांगितलं की देह झिजवणं पुरे, लोकांत जा आणि काम कर. तो परत येऊन मागावर बसला. त्याची दुसरी कथा अशी की त्याने एकदा फार सुंदर वस्त्र विणलं. इतकं सुंदर की बाजारात त्याचा भाव करायचं कुणाचं धाडस होईना. वस्त्र तसंच घेऊन तो घरी निघाला. वाटेत एका म्हाताऱ्याने ते मागितलं. दासिमय्याने देऊन टाकलं. म्हाताऱ्याने त्याच्या डोळ्यांदेखत ते टराटरा फाडलं. एक तुकडा डोक्याला गुंडाळला, एक अंगाला, एक हाताला, एक पायाला, आणि एक काठीलाही. मग विचारलं, तुला वाईट वाटलं का? दासिमय्या म्हणाला, वस्त्र तुमचं झालं, आता माझं काय म्हणणं असणार. म्हातारा शिव होता.

ही कथा दासिमय्याच्या अनासक्तीची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण मला त्यातला बाजारही महत्त्वाचा वाटतो. तिथे रसिक होते, जाणकार होते, सगळे त्या वस्त्राचं कौतुक करत होते, आणि म्हणूनच ते कुणाच्या अंगाला लागत नव्हतं. त्यांचा आदर विणकराला रिकाम्या हाताने घरी पाठवत होता. त्या वस्त्राने अंग झाकलं ते एकट्या म्हाताऱ्याने. संतकथांमध्ये मी शोधत होते तो वापरणारा मला इथे सापडला, आणि कथा सांगते की तो देव होता.

मी आर्ट सिल्कच्या पदराची घेतली. घरी धुवायची, दर आठवड्याला नेसायची, तिला रेशमाचे लाड झेपणार नव्हते. ब्लाउजला सुती खण घेतला.

घडी मोडली ती मंगळवारी. खळ कडक होती आणि निऱ्या पायाशी पंख्यासारख्या उभ्या राहत होत्या. संध्याकाळच्या मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. पदर हातात गोळा करून उभं राहायला शिकले. चाकाच्या खुर्चीत बसताना तो मांडीवर घ्यायचा, नाहीतर चाकात जातो. पिना कमी लावायच्या, सुती अंगाला त्या भोकं पाडतात. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात बुडवली तेव्हा लाल रंग थोडा उतरला, नंतर थांबला. जूनच्या पावसात काठाला चिखल लागला. कँटीनमधल्या सांबाराचा एक डाग निऱ्यांत कायमचा राहिला आहे. प्रत्येक धुण्याबरोबर खळ जाते आणि सूत मऊ पडत जातं. आता ती अंगाला धरून बसते, नवी असताना बसत नव्हती. कपाटातल्या माझ्या एका जुन्या रेशमी साडीची गत उलटी झाली. ती क्वचितच नेसली गेली आणि घडीवरच विरली. रेशीम एकाच घडीवर फार दिवस राहिलं की तिथेच तुटतं. जपूनसुद्धा कापड मरतं, कुणाच्या उपयोगी न पडता.

जीर्ण वस्त्र टाकून माणूस नवं घेतो तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दृष्टान्त आमच्याकडे कुणी गेलं की म्हटला जातो. तो पेटीतल्या वस्त्राला लागूच पडत नाही. जीर्ण व्हायला आधी अंगावर यावं लागतं, ऊन-पाऊस-घाम सोसावा लागतो. आजीची इरकली लुगडी शेवटी वाकळांमध्ये गेली, आणि त्या वाकळांखाली आम्ही भावंडं झोपलो. सोवळ्याचं रेशीम कुणाच्या उबेला आलं नाही.

हे मी आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "देवाचं वेगळं असतं गं." मग मी तिला कोल्हापूरची आठवण दिली. अंबाबाईला आलेली साडी भक्त प्रसाद म्हणून विकत घेतात, आणि आईने स्वतः एक घेऊन माझ्या चुलत बहिणीला डोहाळजेवणात नेसवली होती. देवीची म्हणून ती कोऱ्या साडीहून मोठी मानली होती आम्ही. आपल्याच धर्मात वापराने वस्तू उष्टी होते आणि वापरानेच ती प्रसादही होते. यातलं कुठलं धरायचं ते आपल्यावर आहे. आई यावर काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने फोन करून विचारलं, इरकलीचं सूत किती नंबरचं आहे आणि उन्हाळ्यात गरम होतं का.

एक गोष्ट मात्र मला नेसून सुटत नाही. दासिमय्याच्या म्हाताऱ्याने पैसे दिले नव्हते. तो देव होता, त्याने दुसऱ्या मार्गाने भरपाई केली. माझ्या हातात बिल होतं, आणि त्यातलं किती कोंडी जोडणाऱ्या हातांपर्यंत गेलं हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत बायका बहुसंख्य, आणि साधारण दोन तृतीयांश कुटुंबांची महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत. बसवण्णांच्या परंपरेत कामाला कैलास म्हटलं, पण त्याबरोबर दासोहही सांगितला, मिळालेलं वाटून खाणं. पहिलं आम्ही भाषणांत घेतलं आणि दुसरं दुकानाबाहेर ठेवलं. विणकराचं काम पूजा आहे असं म्हणत त्याला उपाशी ठेवणं, हे माझ्या आजीच्या सोवळ्याहून वेगळं नाही. दोन्हीत वस्त्र पवित्र आणि हात दूर.

आमची कुलदेवी बदामीची बनशंकरी. देवांग विणकरांचीही ती कुलदेवता. पौष पौर्णिमेच्या सुमारास तिची जत्रा भरते, आणि यंदा आईला घेऊन मी जाणार आहे. ओटीला काय न्यायचं यावर आमचं अजून एकमत नाही. आईला रेशमी हवी. मी सुती इळकल नेणार आहे, मऊ सुताची, देवीच्या अंगावरून उतरून कुणा बाईच्या अंगावर गेली तर तिला रोज नेसता येईल अशी. दोन्ही नेऊ असं शेवटी आईच म्हणाली. तिथून बसने इळकलला जायचं आणि पुढची साडी विणकराच्या घरूनच घ्यायची. आई बाजारात पक्की आहे, भाव पाडल्याशिवाय तिला चैन पडत नाही. इळकलला ते करायचं नाही, विणकर सांगेल तो आकडा द्यायचा, एवढं मी तिच्याकडून आधीच कबूल करून घेतलं आहे.